अफेक्ट की इफेक्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात संध्याकाळी ऑफिसच्या इंग्रजीचे वर्ग घेते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांतली मुलंमुली, बँकेतले लोक, सोसायट्यांचे सेक्रेटरी, आयईएल्ट्सची तयारी करणारे असे सगळे येतात. इतर शंका येतात आणि मिटतात. ही जोडी मात्र दर बॅचला नव्याने उगवते. मेसेज बहुधा रात्री अकरानंतर येतो आणि त्यात एवढंच असतं: 'ताई, मेल पाठवायचाय. ए की ई?' त्या मेसेजेसमधूनच हे पान जमवलंय. ए-एफ-एफ-ई-सी-टी तो 'अफेक्ट', म्हणजे वर्गातल्या भाषेत 'ए-वाला'. ई-एफ-एफ-ई-सी-टी तो 'इफेक्ट', म्हणजे 'ई-वाला'.

१. दोन्हींचा अर्थ 'परिणाम'च ना? मग फरक कसला?

अर्थाचा फरक थोडा, कामाचा मोठा. ए-वाला क्रियापद आहे: एखाद्या गोष्टीवर परिणाम करणे. ई-वाला नाम आहे: झालेला परिणाम. 'द रेन अफेक्टेड द क्रॉप' म्हणजे पावसाचा पिकावर परिणाम झाला. 'द इफेक्ट ऑफ द रेन' म्हणजे पावसाचा परिणाम. रोजच्या मेल-अर्जांना एवढं पुरतं. याला छेद देणारे वापर आहेत, पण ते मोजके आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न ९ आणि १४ बघा. घाईत असाल तर प्रश्न ३ वाचा आणि मेल पाठवून द्या.

२. पाचवीपासून इंग्रजी शिकतोय, तरी नेमकी हीच जोडी का चुकते?

कारण आपण मराठीत विचार करतो आणि मराठीत 'परिणाम' हे कायम नामच असतं. परिणाम होतो, परिणाम करतो, परिणाम दिसतो. क्रियेचं ओझं 'होणे-करणे' वाहतात, 'परिणाम' जागचा हलत नाही. 'पावसाने पीक परिणामलं' असं कोणी म्हणत नाही. त्यात उसना घेताना आपण प्रामुख्याने ई-वालाच घेतला. 'मोबाइलचा डोळ्यांवर इफेक्ट होतो' हे घरोघरी ऐकू येतं. मग इंग्रजी वाक्य लिहायला बसलं की हाताशी असलेला 'इफेक्ट' उचलायचा आणि 'होतो'च्या जागी काहीच ठेवायचं नाही. झालं, 'मोबाइल इफेक्ट्स द आइज'. ही चूक इंग्रजांची पोरंही करतात, पण त्यांना उच्चार फसवतो. आपल्याला वाक्याची घडण फसवते. म्हणून त्यांच्या क्लृप्त्या आपल्याला निम्म्याच लागू पडतात, असं माझं मत आहे.

३. लिहिता लिहिता पटकन ओळखायची काही युक्ती?

आहे, आणि ती मराठीतूनच जाते. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि त्यातल्या 'वर'वर नजर ठेवा.

'ट्रॅफिकचा माझ्या हजेरीवर परिणाम होतोय.' घोडबंदर रोडला राहणारा माझा एक विद्यार्थी हे वाक्य रजेच्या मेलमध्ये लिहीत होता. इंग्रजीत ते दोन प्रकारे जातं. एक, 'द ट्रॅफिक इज अफेक्टिंग माय अटेंडन्स.' दोन, 'द ट्रॅफिक इज हॅविंग ॲन इफेक्ट ऑन माय अटेंडन्स.' पहिल्या वाक्यात 'हजेरीवर'मधला 'वर' शोधून दाखवा. नाही सापडणार, तो ए-वाल्याने गिळला. दुसऱ्यात तो 'ऑन' होऊन शिल्लक आहे. तेव्हा 'वर' गिळला गेला तर ए, 'ऑन' होऊन उरला तर ई.

वाक्यात 'वर' येतच नसेल, म्हणजे 'पावसाचा परिणाम' एवढंच असेल, तर शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. आधी 'ॲन', 'द', 'नो', 'एनी' किंवा 'बॅड', 'लाँग-टर्म' असं विशेषण असेल तर ई. आधी 'विल', 'मे', 'कॅन', 'डझ नॉट' असेल तर जवळजवळ नेहमीच ए. 'जवळजवळ' का म्हटलं, ते प्रश्न ९ मध्ये.

४. 'अफेक्ट्स ऑन' असं तर मी बऱ्याच ठिकाणी छापलेलं पाहिलंय. चूक आहे का?

चूक आहे. ए-वाल्याने 'वर' आधीच गिळलाय, वर आणखी 'ऑन' दिला की तो दोनदा होतो. 'स्मोकिंग अफेक्ट्स ऑन लंग्ज' मधला 'ऑन' काढून टाका, वाक्य लगेच सरळ होईल.

पण एक सावधगिरी. 'सर्व्हिसेस विल बी अफेक्टेड ऑन संडे' यातला 'ऑन' बरोबर आहे. तो 'वर'चा नाही, 'रविवारी'चा आहे. मेगाब्लॉकच्या सूचनेतलं हे वाक्य बघून एका मुलीने आत्मविश्वासाने 'इफेक्टेड' केलं होतं, 'ताई, तुम्हीच सांगितलंत ना, ऑन आला की ई!' तिचं काही चुकलं नव्हतं, माझा नियम अर्धवट होता. तेव्हापासून मी 'वर-चा ऑन' असं नीट सांगते.

५. लक्षात ठेवायला एखादा मंत्र द्या ना. नियम विसरायला होतात.

इंग्रजीत 'रेव्हन' असा एक चालतो: रिमेम्बर, अफेक्ट व्हर्ब, इफेक्ट नाउन, यांची पहिली अक्षरं जुळवून. चांगला आहे, पण त्यासाठी आधी 'व्हर्ब' आणि 'नाउन' ओळखता यायला हवेत आणि अनेकांचं तिथेच अडतं.

आपल्याला घरचा मंत्र आहे. मुळाक्षरं म्हणा: अ, आ, इ. अ आधी येतो, इ नंतर. आधी एखादी गोष्ट दुसरीला अफेक्ट करते, नंतर इफेक्ट दिसतो. इंग्रजी अक्षरमालेतही ए आधी, ई नंतर. दोन्ही लिप्यांत जमणारा मंत्र क्वचितच मिळतो, हा फुकट मिळालाय.

६. बोलताना फरक ऐकू येतो का? मुलाखतीत कसं म्हणायचं?

जेमतेम. दोन्ही शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर, 'फेक्ट'वर असतो. पहिला स्वर इतका हलका पडतो की जलद बोलण्यात इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही तो संदर्भावरूनच कळतो. आपण 'अ' आणि 'इ' स्वच्छ म्हणतो, तसंच म्हणा. फक्त सुरुवातीला 'एफेक्ट' असा ठसठशीत 'ए' लावू नका, त्याने दोन्ही शब्द एकच होतात. मुलाखतीत यावरून कोणी अडवणार नाही. ही जोडी कागदावरच बोचते.

७. 'अफेक्ट्स' आणि 'इफेक्ट्स', दोन्हींना शेवटी एस. तो अनेकवचनाचा का?

ई-वाल्याचा एस अनेकवचनाचा आहे: साइड इफेक्ट्स, म्हणजे एकापेक्षा जास्त. ए-वाल्याचा एस कर्ता एकवचनी असल्यामुळे येतो: 'नॉइज अफेक्ट्स स्लीप', एकटा गोंगाट. कर्ता अनेकवचनी झाला की तो निघून जातो: 'लाउडस्पीकर्स अफेक्ट स्लीप'. आयईएल्ट्सच्या निबंधात 'पॉझिटिव्ह अफेक्ट्स' लिहिणारे खूप भेटतात. आधी 'पॉझिटिव्ह' हे विशेषण बसलंय, म्हणजे ई हवा.

८. एका अक्षराची चूक. अर्थ कळतोच ना समोरच्याला? एवढं मनाला का लावून घ्यायचं?

बहुतेक वेळा कळतो, हे मान्य. पण माझ्याच हातून झालेला एक किस्सा सांगते.

आमच्या सोसायटीत टाकीची सफाई होती. नोटीस टाइप करायचं काम माझ्यावर आलं, 'तुम्ही इंग्रजीच्या ना!' म्हणून. मी भाजी चिरता चिरता फोनवर टाइप केली, प्रिंट मारली आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली: 'वॉटर सप्लाय विल बी इफेक्टेड ऑन थर्सडे.' संध्याकाळी खाली आले तर नोटिशीखाली लाल शाईत सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'थँक यू. अँड फ्रायडे?' तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर लाल शाई चालवलेला माणूस.

त्यांचा टोमणा व्याकरणाला धरून होता. 'इफेक्ट' क्रियापद म्हणून वापरलं की त्याचा अर्थ 'घडवून आणणे' होतो. माझ्या नोटिशीचा शब्दशः अर्थ होता: गुरुवारी पाणीपुरवठा करण्यात येईल. मला सांगायचं होतं की गुरुवारी पाण्याची बोंब आहे. एका अक्षराने सोसायटीला नेमकं उलट आश्वासन दिलं होतं. लोकांनी बादल्या भरल्याच, कारण सोसायटीची पाण्याची नोटीस आनंदाची नसते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मी ती नोटीस लगेच उतरवली.

९. म्हणजे 'इफेक्ट' क्रियापदही होतं? मग प्रश्न १ चा नियम गेला कुठे?

नियम जागेवर आहे, हा त्याचा सगळ्यात महत्त्वाचा अपवाद. क्रियापद म्हणून ई-वाला म्हणजे एखादी गोष्ट घडवून आणणे, अंमलात आणणे.

दोन्हींमधला फरक एका जोडीत दाखवते. दोन भाऊ जागेवरून भांडतायत. मामा मध्ये पडले आणि समेट घडवून आणला: 'अंकल इफेक्टेड अ सेटलमेंट.' समेट आधी नव्हता, मामांमुळे झाला. आता दुसरं चित्र. समेट ठरत आला होता, तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला आणि बोलणी बिनसली: 'द फोन कॉल अफेक्टेड द सेटलमेंट.' समेट आधीपासून होता, त्याला धक्का लागला.

तेव्हा क्रियापदाच्या पुढे जी गोष्ट येते तिला विचारा, तू आधी होतीस का? आधी होती आणि तिच्यावर परिणाम झाला, तर ए. आधी नव्हती, या क्रियेतून जन्मली, तर ई. मराठीत 'घडवून आणला' चपखल बसत असेल तर ई-वाल्याला घाबरू नका. 'इफेक्ट अ चेंज', 'इफेक्ट अ ट्रान्सफर', 'इफेक्ट पेमेंट' ही त्याची नेहमीची ठिकाणं. बँकेच्या पत्रात 'पेमेंट हॅज बीन इफेक्टेड' दिसलं की दुरुस्त करायला जाऊ नका, रक्कम अदा झाली असं ते सांगतंय. तेच 'पेमेंट हॅज बीन अफेक्टेड' असेल, तर फोन लावा.

स्वतः लिहिताना मात्र माझा सल्ला साधा आहे. खात्री नसेल तर 'ब्रिंग अबाउट' किंवा नुसतं 'मेक' वापरा. 'वी मेड द पेमेंट' यात अपमानास्पद काही नाही.

१०. ऑफर लेटरमध्ये 'विथ इफेक्ट फ्रॉम' असतं. तिथे ए का नाही?

कारण तिथे तो नामच आहे, फक्त अर्थ 'अंमल'. अमुक तारखेपासून लागू. सरकारी-ऑफिसच्या इंग्रजीत हा ई-वाला अनेक वेषांत फिरतो आणि प्रत्येकाला मराठीत आधीच छान शब्द आहेत. 'कम इनटू इफेक्ट' म्हणजे अंमलात येणे. 'टेक इफेक्ट' म्हणजे लागू होणे, आणि औषधाबद्दल असेल तर गुण येणे. 'इन इफेक्ट'चे दोन अर्थ: नियमाबद्दल असेल तर 'लागू असलेला', वाक्यात सुटा आला तर 'प्रत्यक्षात पाहता'. 'ॲन अंडरटेकिंग टू दॅट इफेक्ट' म्हणजे तशा आशयाचं हमीपत्र. हा शेवटचा वापर सोसायटीच्या ठरावांत हमखास येतो आणि हमखास चुकतो.

आणि 'पर्सनल इफेक्ट्स' म्हणजे चीजवस्तू: घड्याळ, पाकीट, कपडे. प्रवास विम्याच्या कागदात एकाने याचा अर्थ 'वैयक्तिक परिणाम' असा लावला होता. हसू नका, पहिल्यांदा वाचताना मीही तसाच लावला होता.

या सगळ्यांत ए-वाला एकदाही येत नाही.

११. आमचं गाव सिडकोच्या संपादनात गेलं. अर्जात 'प्रकल्पग्रस्त'साठी काय लिहायचं?

'प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन', ए-वाला. कागदोपत्री 'पीएपी' म्हणतात ते यातूनच आलं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या पुनर्वसन कायद्याच्या इंग्रजी नावातही हेच शब्द आहेत.

नवी मुंबईत हा शब्द फक्त व्याकरणाचा नाही. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या फायली आजही घराघरांत आहेत आणि त्या फायलींच्या कव्हरिंग लेटरमध्ये मी 'प्रोजेक्ट इफेक्टेड' किती वेळा खोडलं असेल, त्याला गणती नाही. 'इफेक्टेड'चा अर्थ प्रश्न ९ प्रमाणे लावला तर होतो 'प्रकल्पाने घडवलेला माणूस'. ज्याची शेती, मिठागर, खाडीतली मासेमारी प्रकल्पाने गेली, त्याच्या अर्जात निदान ते अक्षर तरी बरोबर असावं.

एक आणखी. 'अफेक्टेड'च्या पुढे 'बाय' येतो. 'फॅमिलीज अफेक्टेड बाय द प्रोजेक्ट'. तिथे 'फ्रॉम' नको. 'प्रकल्पामुळे'चं भाषांतर करताना तो हळूच घुसतो.

१२. 'बाधित'साठी नेहमी 'अफेक्टेड' चालेल ना?

नाही, आणि हा प्रश्न २०२० पासून वाढला. मराठीत पूरबाधितही 'बाधित' आणि करोनाबाधितही 'बाधित'. इंग्रजीत पुरातला माणूस 'अफेक्टेड', पण विषाणू अंगात शिरलेला माणूस 'इन्फेक्टेड'. घरी कोणी आजारी नाही, पण लॉकडाउनमध्ये नोकरी गेली, तो करोनाने 'अफेक्टेड'. त्या काळात 'टू अफेक्टेड पर्सन्स इन बी विंग' अशा नोटिसा लागल्या की बी विंगला कळेना, दोघं आजारी आहेत की दोघांचा पगार कापलाय. 'लागण' असा अर्थ असेल तर 'इन्फेक्टेड'. बाकी सगळीकडे 'अफेक्टेड'.

१३. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळीकडे 'इफेक्ट' आहे. विज्ञानात ए-वाला चालत नाही का?

चालतो, पण शोधांच्या नावांत नाही. नाव म्हणजे नाम, म्हणून तिथे ई. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केला तो 'रामन इफेक्ट', म्हणजे रामन परिणाम. त्यासाठी १९३० चं नोबेल मिळालं आणि त्या तारखेला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. ग्रीनहाउस इफेक्ट म्हणजे हरितगृह परिणाम. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा जवळ येताना बारीक-उंच आणि गाडी पुढे गेली की एकदम खालच्या पट्टीत ऐकू येतो, तो डॉप्लर इफेक्ट. मुलीला एकदा फलाटावर उभी करून ऐकवा, स्पेलिंगसकट लक्षात राहील. वाक्य करताना मात्र ए-वाला परत येतो: 'द स्पीड ऑफ द ट्रेन अफेक्ट्स द साउंड वी हिअर.'

जाता जाता एक गंमत. 'कॉज अँड इफेक्ट' म्हणताना इंग्रज कारण आधी सांगतो. आपण 'कार्यकारणभाव' म्हणतो, कार्य आधी, कारण मागून. इथला 'कार्य' म्हणजेच इफेक्ट.

१४. नर्सिंगच्या नोट्समध्ये 'फ्लॅट अफेक्ट' लिहिलंय. आधी विशेषण, मग ई हवा ना?

तुम्ही प्रश्न ३ नीट वाचलात, म्हणून हा प्रश्न पडला. इथे मात्र ए-वालाच बरोबर आहे. मानसशास्त्रात 'अफेक्ट' हे नाम आहे. त्याचा अर्थ माणसाच्या चेहऱ्यावर, आवाजात, हावभावात दिसणारी भावना. 'फ्लॅट अफेक्ट' म्हणजे भावनांचा लवलेश नसलेला, कोरा चेहरा. उच्चारही वेगळा, जोर पहिल्या अवयवावर: 'ॲफेक्ट'. हा शब्द मनोविकारांच्या केसपेपरबाहेर सहसा भेटत नाही. तुमचं क्षेत्र ते नसेल तर विसरून जा.

१५. 'अफेक्शन' म्हणजे माया. मग 'अफेक्टेड' म्हणजे मायाळू का नाही?

मायाळू म्हणजे 'अफेक्शनेट'. 'अफेक्टेड'चा मात्र 'परिणाम झालेला' याखेरीज आणखी एक अर्थ आहे: नाटकी, आव आणलेला. सहा महिने परदेशात राहून आलेला भाचा 'वॉटर' म्हणताना जी जीभ वळवतो, तो 'अफेक्टेड ॲक्सेंट'. हा ए-वाला किंचित निराळ्या लॅटिन शब्दातून, सोंग आणण्याच्या अर्थाने आला. कोणाच्या बोलण्याचं कौतुक करायचं असेल तर हा शब्द चुकूनही वापरू नका.

याच कुळातला 'डिसअफेक्शन' आपल्याला इतिहासातून ओळखीचा आहे. १८९७ साली 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तो कलम १२४-अ मधल्या याच शब्दाभोवती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की 'डिसअफेक्शन' म्हणजे अफेक्शनचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं एवढंसुद्धा पुरे! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मराठीत या शब्दाला 'अप्रीती' म्हणतात. एका उपसर्गाचा अर्थ कसा लावला, यावर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. पुढच्या वेळी कोणी 'शब्दांचा कीस कशाला' म्हणालं तर हे सांगा.

१६. 'इफेक्टिव्ह' आणि 'एफिशियंट' एकच का?

नाही. औषध इफेक्टिव्ह असतं, म्हणजे परिणामकारक, गुण देणारं. कारकून एफिशियंट असतो, म्हणजे कार्यक्षम, कमी वेळात नीट काम उरकणारा. ढेकूण मारायला गादी जाळली तर उपाय इफेक्टिव्ह, पण एफिशियंट नाही. 'इफेक्टिव्ह फ्रॉम फर्स्ट एप्रिल' मध्ये मात्र परिणामाचा संबंध नाही, तिथे अर्थ 'पासून लागू'. तो वापर प्रश्न १० मधल्या 'विथ इफेक्ट फ्रॉम'चा भाऊ. 'अफेक्टिव्ह' असाही शब्द आहे, पण तो प्रश्न १४ च्या दुनियेतला.

१७. सरळ 'इम्पॅक्ट' वापरून दोन्हींतून सुटका करून घेतली तर?

करतात बरेच जण. 'इम्पॅक्ट' नाम आणि क्रियापद दोन्ही होतं, त्यामुळे चूक सापडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. 'इम्पॅक्ट' म्हणजे आदळणं, दणका. पाच मिनिटं उशिराने सुरू झालेल्या मीटिंगचा 'इम्पॅक्ट' काय असणार? पळवाट म्हणून कधीमधी ठीक आहे, पण तिचा हमरस्ता झाला की सगळा रिपोर्ट दणक्यांनी भरून जातो.

१८. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगमुळे हा फरक पडतो का? 'प्रॅक्टिस'चं तसं असतं म्हणून विचारलं.

नाही. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांत ब्रिटिश लोक नामाला सी आणि क्रियापदाला एस लावतात. अमेरिकेत मात्र 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे सीने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे एसने लिहितात. अफेक्ट-इफेक्टला असली सूट नाही, नियम दोन्हीकडे एकच.

१९. मुळात हे दोन शब्द इतके सारखे झालेच कसे?

एकाच आईची लेकरं म्हणून. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे. त्याला 'ॲड' हा 'कडे' अर्थाचा उपसर्ग लागून अफेक्टचं घराणं निघालं: कशाकडे तरी जाऊन त्याला काही करणे. 'एक्स' हा 'बाहेर' अर्थाचा उपसर्ग लागून इफेक्टचं: करून बाहेर काढणे, तडीस नेणे. प्रश्न ९ मधल्या समेटाच्या जोडीत नेमका हाच फरक अजून जिवंत आहे.

दोन एफचं कोडंही इथेच सुटतं. 'ॲड'चा डी पुढच्या एफला भेटून एफ झाला, 'एक्स'चा एक्सही तसाच. आपल्याकडे तत् अधिक लीन म्हटल्यावर 'त्'चा 'ल्' होऊन 'तल्लीन' होतं, उत् अधिक लेखचं 'उल्लेख' होतं, तीच गोष्ट. व्यंजनसंधी शिकलेल्या मराठी माणसाला 'दोन एफ का?' हा प्रश्न पडायलाच नको. शाळेत इंग्रजीच्या आणि मराठीच्या बाई कधी एकत्र बसल्या असत्या, तर हे तेव्हाच कळलं असतं.

२०. आता फोन आणि कॉम्प्युटर स्पेलिंग तपासतात. त्यांच्यावर सोडून दिलं तर?

साध्या स्पेलचेकरला दोन्ही शब्द शब्दकोशात सापडतात, म्हणून तो गप्प बसतो. व्याकरण तपासणारे प्रोग्राम 'अफेक्ट्स ऑन'सारखी चूक बऱ्याचदा पकडतात. पण ज्या वाक्यात दोन्ही शब्द बसतात आणि अर्थ मात्र उलटा होतो, तिथे यंत्र तरी काय करणार? तुम्हाला काय म्हणायचं होतं, हे त्याला माहीत नसतं. माझ्या पाण्याच्या नोटिशीखाली लाल रेघ उमटली नव्हती, व्याकरणाने ती निर्दोष होती. लाल शाई उमटली ती काकांची. हल्ली नोटीस फळ्यावर लावण्याआधी मी ती तिसऱ्या मजल्यावर नेते. काका चष्मा लावतात, वाचतात, एक स्वल्पविराम बदलतात आणि चहा पाजतात.